इंजिनची पॉवर चाकापर्यंत पोहोचताना जाते कुठे? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माहितीपत्रकात १०० बीएचपी लिहिलंय आणि डायनोवर ८६ आले. माझी फसवणूक झाली का?

नाही. हे दोन आकडे दोन वेगळ्या ठिकाणी मोजलेले आहेत. कंपनी इंजिन गाडीबाहेर काढून टेस्ट बेंचवर बसवते आणि क्रँकशाफ्टच्या टोकाला, म्हणजे फ्लायव्हीलपाशी पॉवर मोजते. डायनो म्हणजे गाडीची चाकं रोलरवर फिरवून पॉवर मोजणारं यंत्र, ते मोजतं ती चाकांनी रोलरला दिलेली पॉवर. मध्ये क्लच, गिअरबॉक्स, शाफ्ट, डिफरन्शियल (वळणावर दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरची रचना), बेअरिंग आणि टायर येतात, आणि प्रत्येक जण आपला वाटा घेतो.

आकडे शेजारी मांडण्याआधी एकक तपासा. १ पीएस म्हणजे ७३५.५ वॅट आणि १ बीएचपी म्हणजे ७४५.७ वॅट. माहितीपत्रकातले १०० पीएस हे ९८.६ बीएचपीच भरतात, त्यामुळे दीडेक बीएचपीचा फरक नुसत्या एककातूनच निघतो.

जुन्या अमेरिकन गाड्यांचे आकडे वाचताना आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. १९७१ च्या मॉडेलपर्यंत तिथे बऱ्याचदा 'ग्रॉस' पॉवर छापत. अल्टरनेटर, पंखा, एअर फिल्टर, नेहमीचा सायलेन्सर यांतलं बरंच काही काढून टाकून इंजिन मोजलं जाई, म्हणून आकडे फुगलेले दिसत. पुढे 'नेट' पद्धत आली आणि त्याच इंजिनांचे आकडे कागदावर एकदम खाली आले. इंजिनात मात्र काहीही बदललेलं नव्हतं.

'पॉवर लॉस होते' म्हणजे नेमकं काय होतं?

ती उष्णता होते. थोडी आवाजात आणि कंपनात जाते, पण तो भाग नगण्य आहे. दातावर दात घासतो, बेअरिंगमध्ये रोलर फिरतो, तेल ढवळलं जातं, सीलची कड शाफ्टवर घासते, टायरचं रबर दबतं आणि सुटतं. या सगळ्याचा शेवट उष्णतेत होतो.

या विषयात दुसरं काही लक्षात राहिलं नाही तरी हे ठेवा, कारण लॉसबद्दलचा कुठलाही दावा यावर पारखता येतो. कोणी म्हणालं की अमुक भागात इतके किलोवॅट जातात, तर तेवढी उष्णता त्या भागातून बाहेर पडताना दिसली पाहिजे. जो भाग गार आहे, तो पॉवर खात नाही.

खालचा गिअर टाकला की गाडी जोरात ओढते. मग गिअरबॉक्स पॉवर वाढवतो ना?

वाढतो तो टॉर्क. पॉवर म्हणजे टॉर्क आणि फिरण्याचा वेग यांचा गुणाकार. सूत्र सोपं आहे: न्यूटन-मीटर गुणिले आरपीएम भागिले ९५४९, की किलोवॅट मिळतात.

इंजिन ३००० आरपीएमला १५० न्यूटन-मीटर देत असेल तर पॉवर झाली ४७ किलोवॅट. पहिल्या गिअरचं गुणोत्तर ३.५ आणि फायनल ड्राइव्हचं (गिअरबॉक्सनंतरच्या शेवटच्या गिअर जोडीचं) ४ धरलं, तर चाकांना मिळून २१०० न्यूटन-मीटर मिळायला हवेत, पण चाकं फिरतील फक्त २१४ आरपीएमने. गुणाकार करा, पुन्हा ४७ किलोवॅटच येतील. वाटेत दहा टक्के गेले असतील तर चाकांवर २१०० ऐवजी १८९० न्यूटन-मीटर उरतात. वेग मात्र तोच राहतो, कारण गिअरचे दात घसरत नाहीत. म्हणून दातांच्या गिअरमधला लॉस नेहमी टॉर्कमधून वजा होतो. क्लच, टॉर्क कन्व्हर्टर आणि टायर मात्र घसरू शकतात, आणि घसरले की वेगही हरवतात.

सगळे सरसकट १५ टक्के लॉस धरतात. ते बरोबर आहे का?

अंदाजाला ठीक आहे. पण हा निसर्गाचा नियम असल्यासारखा वापरला जातो, तिथे घोळ सुरू होतो.

लॉस दोन जातींचा असतो. पहिला भारावर अवलंबून नसतो: तेल ढवळणं, सीलचं घर्षण, बेअरिंगचा प्रीलोड (बसवतानाच दिलेला दाब). इंजिन किती जोर लावतंय याच्याशी त्याला देणंघेणं नाही, तो फिरण्याच्या वेगाबरोबर आणि तेलाच्या घट्टपणाबरोबर बदलतो. दुसरा भाराबरोबर वाढतो: दातांवर जितका जोर, तितकं घर्षण.

टायर बाजूला ठेवून एक हिशेब करू. समजा एका ठरावीक वेगाला पहिल्या जातीचा लॉस २ किलोवॅट आहे आणि दुसऱ्या जातीचा ५ टक्के. इंजिन १५ किलोवॅट देत असताना एकूण लॉस २.७५ किलोवॅट, म्हणजे १८ टक्के. ७५ किलोवॅटला ५.७५, म्हणजे साधारण पावणेआठ टक्के. १५० किलोवॅटला ९.५, म्हणजे सव्वासहा टक्क्यांच्या आसपास. गाडी तीच, गिअर तोच, वेग तोच, तरी टक्केवारी तिसऱ्या हिश्श्यावर आली. हळू पायाने चालवताना ड्राइव्हट्रेन (क्लचपासून चाकांपर्यंतची सगळी साखळी) टक्केवारीत जास्त खाते आणि पूर्ण ॲक्सिलरेटरवर कमी, हे अनेकांच्या समजुतीच्या अगदी उलट आहे.

ट्यून केलेल्या गाड्यांच्या बाबतीत या १५ टक्क्यांनी खूप दिशाभूल होते, आणि ते पाहून मला खरंच वाईट वाटतं, कारण लोक त्या आकड्यावर विश्वास ठेवून पैसे खर्च करतात. इंजिनची पॉवर दुप्पट केली म्हणून तेल दुप्पट ढवळलं जात नाही आणि सीलही दुप्पट घासत नाही. ३०० किलोवॅटच्या इंजिनाला १५ टक्के लावले तर ४५ किलोवॅट होतात. त्यातली टायरची उष्णता वगळली तरी उरलेली उष्णता कूलर नसलेल्या गिअरबॉक्स आणि डिफरन्शियलने सतत हवेत सोडायला हवी. धातूचं नुसतं कवच ते काम फार काळ करू शकत नाही, तेल जळून जाईल. डायनोवरची धाव काही सेकंदांची असते, म्हणून ही विसंगती तिथे उघडी पडत नाही.

सगळ्यात जास्त पॉवर कोणता भाग खातो?

रिअर व्हील ड्राइव्ह गाडीत, टायर सोडले तर, बहुतेक वेळा क्राऊन-पिनिअन, म्हणजे मागच्या ॲक्सलमधली फायनल ड्राइव्हची गिअर जोडी.

त्याचं कारण दातांच्या आकारात आहे. गिअरबॉक्समधले हेलिकल (तिरक्या दातांचे) गिअर समांतर शाफ्टवर असतात. त्यांचे दात एकमेकांवर बरेचसे गडगडत जातात, घसरणं थोडं असतं. अशा एका जोडीची कार्यक्षमता ९८ ते ९९ टक्के, कधी त्याहून जास्त असते. मागच्या ॲक्सलमध्ये पॉवरला काटकोनात वळावं लागतं. तिथे हायपॉइड गिअर असतो आणि पिनिअनचा अक्ष क्राऊन व्हीलच्या मध्यातून जात नाही, तो बराच खाली असतो. यामुळे प्रोपेलर शाफ्ट खाली घेता येतो आणि गाडीचा फ्लोअर खाली बसतो. १९२० च्या दशकात पॅकार्डने हे गिअर गाडीत आणले ते याच फायद्यासाठी. शिवाय पिनिअन मोठा करता येतो, दात मजबूत होतात आणि आवाज कमी होतो.

किंमत मोजावी लागते ती घसरण्याची. दोन्ही तळहात घट्ट दाबून एक पुढे सरकवा, तळवे लगेच तापतात. हायपॉइडचे दात प्रचंड दाबाखाली लांबीच्या दिशेने असेच सरकतात. चांगल्या स्थितीतल्या क्राऊन-पिनिअनची कार्यक्षमता साधारण ९४ ते ९७ टक्के असते, म्हणजे हेलिकल जोडीच्या काही पट लॉस. म्हणूनच त्याला जीएल-५ दर्जाचं, जास्त दाब सोसणारं तेल लागतं. त्यातली गंधक आणि फॉस्फरसची संयुगं दातांच्या पृष्ठभागावर संरक्षक थर तयार करतात, म्हणून धातू धातूला चिकटत नाही.

पिनिअनचे टेपर रोलर बेअरिंग प्रीलोड देऊन घट्ट बसवलेले असतात, त्यांचाही वाटा आहे. ओव्हरहॉल करताना तो प्रीलोड गरजेपेक्षा जास्त झाला तर बेअरिंग तापतात आणि लवकर जातात. म्हणून पिनिअन फिरवायला किती टॉर्क लागतो हे मोजूनच ते काम करावं, हाताच्या अंदाजाने करू नये.

पूर्ण साखळीचा हिशेब एकदा मांडून दाखवाल का?

रिअर व्हील ड्राइव्ह, मॅन्युअल गिअरबॉक्स, ७५ किलोवॅटचं इंजिन, गाडी रोलरवर. नमुन्यादाखल गिअरबॉक्स ९८ टक्के, प्रोपेलर शाफ्टचे जॉइंट ९९, क्राऊन-पिनिअन ९५.५, चाकांचे बेअरिंग आणि ब्रेकचं हलकं घासणं मिळून ९९, आणि रोलरवर दबणारे टायर ९५ धरू.

हे टक्के बेरजेने नाही, गुणाकाराने लागतात. गुणाकार येतो ०.८७. म्हणजे चाकांकडून रोलरला सुमारे ६५.४ किलोवॅट मिळाले आणि ९.६ गेले. त्या ९.६ पैकी जवळजवळ साडेतीन एकट्या टायरचे आहेत. लोक ज्याला 'गिअरबॉक्सचा लॉस' म्हणतात, त्याचा तिसरा हिस्सा रबरात जातो.

फ्रंट व्हील ड्राइव्हमध्ये लॉस कमी असतो का?

इंजिन आडवं बसवलेलं असेल तर साधारणपणे हो. इंजिनचा आणि चाकांचा अक्ष समांतर असल्यामुळे पॉवरला काटकोनात वळावं लागत नाही. फायनल ड्राइव्हही हेलिकल गिअरचाच असतो, हायपॉइडची गरज नाही. लांब प्रोपेलर शाफ्टही नाही. ड्राइव्ह शाफ्टचे सीव्ही जॉइंट (कोनातही चाकाला एकसारख्या वेगाने फिरवणारे जोड) कमी कोनात चालत असतील तर फारच थोडं खातात. गाडीची उंची वाढवून कोन वाढवला की त्यांचं घर्षण आणि झीज दोन्ही वाढतात.

डायनोवर चौथ्याच गिअरमध्ये गाडी का पळवतात?

पारंपरिक रिअर व्हील ड्राइव्ह गिअरबॉक्समध्ये चौथा गिअर बऱ्याचदा डायरेक्ट, म्हणजे १:१ असतो. इनपुट शाफ्ट आणि आउटपुट शाफ्ट थेट जोडले जातात. काउंटर शाफ्ट फिरत राहतो, पण त्याच्यावर भार नसतो, म्हणजे दातांचा भाराबरोबर वाढणारा लॉस जवळजवळ शून्य. बाकी गिअरमध्ये पॉवर दोन जोड्यांमधून जाते, एकदा काउंटर शाफ्टवर आणि एकदा परत. सगळ्याच गाड्यांत चौथा डायरेक्ट नसतो, काहींत पाचवा असतो, त्यामुळे गुणोत्तरांचा तक्ता पाहून ठरवावं. फ्रंट व्हील ड्राइव्हच्या ट्रान्सॲक्सलमध्ये (गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल एकाच कवचात) असा डायरेक्ट मार्ग सहसा नसतोच.

मग ओव्हरड्राइव्ह, म्हणजे आउटपुट शाफ्ट इनपुटपेक्षा वेगाने फिरवणारा गिअर कशाला, असा प्रश्न लगेच येतो. ओव्हरड्राइव्हमध्ये गिअरबॉक्सचा लॉस थोडा वाढतो हे खरं. पण इंजिन कमी आरपीएमवर आणि जास्त उघड्या थ्रॉटलवर चालतं, आणि तिथे वाचणारं इंधन त्या लॉसपेक्षा बरंच जास्त असतं.

क्लच किती पॉवर खातो?

पूर्ण बसलेला क्लच काहीच खात नाही. दोन्ही बाजू एकाच वेगाने फिरतात, घासणं नाही, म्हणजे उष्णता नाही.

घसरताना मात्र तो हिशेब चुकता करतो. क्लच घसरला तरी टॉर्क दोन्ही बाजूंना सारखाच असतो, फरक पडतो वेगात. वरच्या ४७ किलोवॅटच्या उदाहरणात ३००० आरपीएमला गिअरबॉक्सकडे २७०० पोहोचत असतील तर ४७ पैकी ४.७ किलोवॅट क्लच प्लेटवर उष्णता होऊन जातात. अशा अवस्थेत प्लेट फार काळ टिकत नाही. आरपीएम चढतोय, वेग चढत नाही आणि जळका वास येतोय, ही खूण चुकवू नका.

गाडी उभी असताना निघतानाचा क्षण पाहा. इंजिन एका वेगावर धरून क्लच हळूहळू सोडला, तर क्लच बसेपर्यंत इंजिनने दिलेल्या ऊर्जेतली निम्मी क्लचमध्येच जाते, कारण त्या काळात पुढच्या बाजूचा सरासरी वेग इंजिनच्या निम्मा असतो. यात कोणाची चूक नाही, हे टळणारं नाही. चढावर हाफ क्लचवर गाडी थोपवून धरणं मात्र टळणारं आहे. तिथे चाक फिरतच नाही, त्यामुळे इंजिन क्लचला देत असलेली सगळीच्या सगळी पॉवर प्लेट जाळण्यात जाते. हँडब्रेक लावा.

ऑटोमॅटिकमध्ये लॉस जास्त का?

कोणत्या ऑटोमॅटिकमध्ये, ते आधी पाहावं लागेल.

टॉर्क कन्व्हर्टरमध्ये इंजिन आणि गिअरबॉक्स यांना जोडणारी गोष्ट म्हणजे तेलाचा प्रवाह. हेरमान फॉटिंगर या जर्मन अभियंत्याची ही १९०५ ची कल्पना. गाडी निघताना कन्व्हर्टर टॉर्क सुमारे दुप्पट करून देतो, आणि तो नितळपणा साध्या क्लचला जमत नाही. पण तेलातून टॉर्क जायचा तर दोन्ही बाजूंच्या वेगात फरक राहावाच लागतो, आणि तो फरक म्हणजे उष्णता. म्हणून त्याला कूलर लागतो. यावरचा उपाय लॉक-अप क्लच. वेग आला की तो दोन्ही बाजू घट्ट जोडतो आणि कन्व्हर्टरचा लॉस जवळपास संपतो. पॅकार्डच्या १९४९ च्या अल्ट्रामॅटिकमध्ये तो होता. आजचे गिअरबॉक्स अगदी खालच्या गिअरपासूनच लॉक करतात, त्यामुळे 'ऑटोमॅटिक म्हणजे २० ते २५ टक्के लॉस' ही जुनी समजूत त्यांना लागू होत नाही. उरतो तो तेलाचा पंप, जो सतत दाब पुरवतो, आणि न जोडलेल्या क्लच प्लेटांमधलं तेलाचं ओढणं.

सीव्हीटीमध्ये (ठरावीक गिअरांऐवजी पट्टा आणि पुली वापरणाऱ्या ऑटोमॅटिकमध्ये) पट्टा घसरू नये म्हणून पुलींना मोठ्या दाबाने आवळून धरावं लागतं. तो दाब देणारा पंप आणि पट्ट्याचं घर्षण यामुळे नुसती यांत्रिक कार्यक्षमता पाहिली तर सीव्हीटी मॅन्युअलच्या मागे पडते. पण इंजिनला सोयीच्या आरपीएमवर ठेवून ती इंधनाची कसर भरून काढते.

ड्युअल क्लच (दोन क्लच असलेला ऑटोमॅटिक) आतून मॅन्युअलच्याच जातीचा. त्यात कोरडे क्लच असतील तर लॉस आणखी कमी, तेलातले असतील तर पंप आणि ढवळणं वाढतं. एएमटी म्हणजे तर तोच मॅन्युअल गिअरबॉक्स, क्लच आणि गिअर तेवढे यंत्र हलवतं. दातांमधला लॉस तसूभरही बदलत नाही.

फोर व्हील ड्राइव्ह?

ट्रान्सफर केस (पॉवर पुढच्या आणि मागच्या ॲक्सलला वाटणारा भाग), दुसरा प्रोपेलर शाफ्ट, दुसरा क्राऊन-पिनिअन, जास्तीचे बेअरिंग आणि सील. पहिल्या जातीचा लॉस इथे ठळक वाढतो, कारण भार नसला तरी हे सगळं फिरतंच. म्हणून काही गाड्यांत गरज नसताना दुसरा ॲक्सल पूर्ण सोडवण्याची सोय असते. मध्ये डिफरन्शियल नसलेला पार्ट-टाइम फोर बाय फोर कोरड्या डांबरी रस्त्यावर जोडून चालवू नका. वळणावर पुढची आणि मागची चाकं वेगवेगळं अंतर कापतात, फरक निघायला वाट नसते, शाफ्टमध्ये पीळ साठत जातो आणि टायर घासून तो सोडवतात.

तेल पातळ घातलं तर पॉवर वाढेल का?

ढवळण्याचा लॉस कमी होईल, हे खरं. थंड गाडीत गिअर जड जातो, तो घट्ट तेलामुळेच. पहिले काही किलोमीटर ड्राइव्हट्रेन जास्त खाते आणि तेल तापलं की सुधारते. पण तेलाचं पहिलं काम दात वेगळे ठेवणं हे आहे. फार पातळ थर दाबाखाली फाटला की घर्षण वाढतं आणि दात खरवडले जातात. कंपनीने सांगितलेल्याच ग्रेडचं, शक्य तर सिंथेटिक तेल घाला. जीएल-४ सांगितलेल्या गिअरबॉक्सात जीएल-५ ओतू नका, काही जीएल-५ तेलं पितळी सिंक्रो रिंगना (गिअर टाकताना वेग जुळवणाऱ्या कड्यांना) मानवत नाहीत.

पातळीही तितकीच महत्त्वाची. 'थोडं जास्त असलेलं बरं' हा सल्ला इथे उलटतो. जादा तेलात गिअर खोल बुडतो, तेल फेसाळतं, तापतं आणि सीलमधून बाहेर येतं.

हलके अलॉय आणि हलकं फ्लायव्हील लावल्यावर डायनोवर पॉवर वाढली. खरंच वाढली का?

इंजिनची नाही. वेग वाढवताना फिरणारी प्रत्येक जड वस्तू ऊर्जा साठवते. ती नष्ट होत नाही, पण त्या क्षणी गाडी ढकलायला मिळत नाही. इनर्शिया डायनो जड ड्रम किती झपाट्याने वेग घेतो यावरून पॉवर काढतो, त्यामुळे हा साठा त्याला लॉससारखा दिसतो. भाग हलके केले की आकडा वाढतो. ब्रेक लावून स्थिर वेगावर मोजणाऱ्या डायनोवर तोच बदल जवळजवळ दिसणार नाही. खालच्या गिअरमध्ये वेगवाढ झपाट्याने होते, म्हणून हा परिणाम तिथे जास्त. पिकअपमध्ये जाणवणारा फायदा मात्र खरा आहे.

डायनो 'कोस्ट-डाउन' करून इंजिनची पॉवर सांगतो. विश्वास ठेवू का?

थोडाच. धाव संपल्यावर क्लच दाबून चाकं आपोआप मंदावू देतात आणि त्यावरून लॉस काढून मूळ आकड्यात मिळवतात. पण त्या वेळी दातांवर भार नसतो. मोजला जातो तो पहिल्या जातीचा लॉस आणि टायर. भाराबरोबर वाढणारा लॉस निसटतो, तो सॉफ्टवेअर अंदाजाने भरतं. चाकांवरचा आकडा हा मोजलेला आकडा आहे, त्याच्यावर विसंबा. बदल करण्याआधी आणि नंतर तोच डायनो, तोच गिअर, तीच टायरमधली हवा, तापलेलं तेल आणि चाकांना बांधलेल्या पट्ट्यांचा तोच ताण ठेवलात, तर फरक खरा समजेल. पट्टे जास्त आवळले की टायर रोलरमध्ये जास्त दबतो आणि पॉवर 'कमी' होते.

इलेक्ट्रिक गाडीत हे सगळं नसतं ना?

कमी असतं. बहुतेक गाड्यांत क्लच नाही, बदलायचे गिअर नाहीत, फक्त वेग उतरवणाऱ्या एक-दोन हेलिकल जोड्या आणि डिफरन्शियल. बेअरिंग, सील, तेल आणि टायर तिथेही आहेतच.

माझ्या गाडीत जास्तीचा लॉस आहे का, हे घरच्या घरी कसं पाहू?

आधी टायरमधली हवा थंड असताना तपासा. १५०० किलोच्या गाडीला ताशी १०० किलोमीटरला टायर गडगडवायला साधारण ४ किलोवॅट आणि हवा कापायला ९ किलोवॅटच्या आसपास लागतात. हवा कमी असेल तर त्या चारात भर पडते.

मग इन्फ्रारेड थर्मामीटर घ्या. मोकळ्या रस्त्यावर वीसेक मिनिटं गाडी चालवा, शेवटी ब्रेक शक्य तितका कमी वापरून हळूहळू थांबा, आणि लगेच चारही चाकांच्या हबचं आणि डिस्कचं तापमान घ्या. हाताने चाचपू नका, डिस्क भाजते. पुढची दोन्ही एकमेकांशी आणि मागची दोन्ही एकमेकांशी पडताळा. एकच चाक जोडीदारापेक्षा स्पष्ट गरम असेल, तर तिथे कॅलिपरचा पिस्टन किंवा स्लायडर पिन अडकलाय, हँडब्रेकची केबल परत येत नाहीये किंवा बेअरिंग गेलंय. त्या बाजूचं चाक जॅकवर उचलून हाताने फिरवा. घासण्याचा आवाज एकसारखा आला तर ब्रेक, घरघर आणि खडखड हाताला लागली तर बेअरिंग. डिफरन्शियल आणि गिअरबॉक्सच्या कवचाचंही तापमान लिहून ठेवा. तेल बदलल्यावर त्याच रस्त्यावर, तशाच हवेत पुन्हा घ्या आणि दोन्ही आकडे ताडून पाहा.